हाई कसं उनं?

जून लागला की जळगाव-धुळ्यातल्या माध्यमिक शाळांच्या आवारात पालकांचा एकच प्रश्न कानावर पडतो : गणिताला कुणाचा क्लास लावायचा आणि इंग्रजीला कुणाचा? विचारणारा यावलचा केळीवाला शेतकरी असो, भुसावळचा रेल्वे कर्मचारी, जळगावच्या दालमिलमधला हमाल की धुळ्यात पॉवरलूमवर पाळी करणारा कामगार, प्रश्न बदलत नाही. त्यामागचा समजही सारखाच. हे दोन विषय आपल्याला येत नाहीत, तेव्हा त्यात आपल्या हातात फी भरण्यापलीकडे काही नाही. इतिहास-भूगोलाबद्दल कुणी असं बोलत नाही; तेही येत नसतात, पण त्यांची भीती नसते. माध्यमिक शाळेत गणित शिकवताना आणि इंग्रजीच्या शिक्षकांशेजारी बसून उत्तरपत्रिका तपासताना माझं मत हळूहळू याच्या उलट होत गेलं. पालकांना विषय येत असता तर बरंच होतं, यात वाद नाही. पण आठवी ते दहावीच्या वयात घराच्या वाट्याला येतं ते विचारण्याचं काम, आणि विचारण्यासाठी विषय यावा लागत नाही. मुलाला वही उघडायला लावून ‘हे कसं आलं, मला सांग’ असं म्हणणारं आणि उत्तर मिळेपर्यंत जागचं न हलणारं एक माणूस घरात असणं, ही या दोन विषयांतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी मदत आहे.

आधी दुखणं कुठे आहे ते पाहू. 2025 च्या दहावीचा राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला. या आकड्याकडे पाहून गणित-इंग्रजीची चिंता कुणी कशाला करावी? आता दुसरे आकडे घ्या. ‘प्रथम’ संस्थेच्या 2023 च्या ‘असर’ पाहणीत देशभरातल्या 28 जिल्ह्यांमधल्या 14 ते 18 वयाच्या मुलांना काही साध्या गोष्टी करायला दिल्या होत्या. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं जमलं ते 43 टक्क्यांना. पट्टीच्या शून्यावर ठेवलेल्या वस्तूची लांबी जवळपास 85 टक्के मुलांनी बरोबर सांगितली. तीच वस्तू शून्यापासून थोडी सरकवून ठेवली, तर 39 टक्क्यांनीच. इंग्रजी वाक्यं 57 टक्क्यांना वाचता आली, पण वाचणाऱ्यांतल्या चारातल्या एकाला त्यांचा अर्थ सांगता आला नाही. महाराष्ट्रातला पाहणीचा जिल्हा नांदेड होता, खान्देश नव्हता, हे मान्य. तरी वर्गात रोज उभं राहणाऱ्याला या आकड्यांचं नवल वाटत नाही. पट्टीचं उदाहरण तर मला आख्ख्या गणिताचं दुखणं वाटतं. मुलाला मोजण्याची कृती येते, आपण काय मोजतोय हे माहीत नसतं; त्यामुळे शून्य जागेवरून हललं की सगळंच हलतं. इंग्रजीत अर्थाविना वाचता येणं हा त्याच दुखण्याचा दुसरा प्रकार. दोन्हीकडे मूल काहीतरी ‘करतं’, आणि ते का करतं हे त्याला कुणी कधी विचारलेलं नसतं.

नववीच्या वहीतलं एक नेहमीचं उदाहरण घेऊ. समीकरण दिलंय : 3(क्ष − 2) = 2क्ष + 5. मूल कंस सोडवताना लिहितं 3क्ष − 2 = 2क्ष + 5, आणि उत्तर काढतं 7. चूक पहिल्याच पायरीत आहे; तिनानं फक्त क्ष ला गुणलं, दोनाला नाही. ही चूक ओळखायला बीजगणित लागतं आणि ते बहुतेक घरांत नाही. पण याच वहीजवळ बसलेल्या आईनं ‘हा सात खरा आहे हे कशावरून?’ एवढं विचारलं, तर मुलाला सात घालून दोन्ही बाजू मोजाव्या लागतात. सातातून दोन गेले पाच, पाच त्रिक पंधरा. दुसरीकडे सात दुणे चौदा आणि पाच, एकोणीस. पंधरा आणि एकोणीस सारखे नाहीत हे सांगायला कुणाला शाळेत जावं लागत नाही. आता मूल स्वतःच मागे जाऊन शोधू लागतं, आणि कंसातल्या दोनाशी पोचून 11 वर येतं. हे शोधणं शिक्षकाच्या लाल शाईनं होत नाही. लाल शाई चूक कुठे ते दाखवते आणि मूल बरोबर पायरी उतरवून मोकळं होतं. पुढच्या आठवड्यात तीच चूक वेगळ्या आकड्यांत पुन्हा दिसते. एकसामयिक समीकरणं असोत, अंकगणिती श्रेढी असो की भूमितीतली समरूपता, ‘हे कशावरून’ हा प्रश्न सगळीकडे चालतो, कारण गणित असतंच तेवढं.

इंग्रजीत पालकांचा आग्रह बहुधा ‘बोलून दाखव’ असा असतो. पाहुण्यांसमोर दोन वाक्यं इंग्रजीत बोलायला लावणं ही आपल्याकडची जुनी हौस आहे, आणि तिनं मुलं लाजायला शिकतात, इंग्रजी शिकत नाहीत. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीत पोचलेल्या मुलानं दहा वर्षं ती भाषा पाहिलेली असते, आणि तरीही नगरपालिकेला लिहिलेलं तक्रारीचं पत्र गाइडमधून पाठ करून येतं. गाइडमध्ये गटारीची तक्रार असते, पेपरात नळाच्या पाण्याची येते, आणि उत्तरपत्रिकेत पाण्याच्या विषयाखाली गटारीचा मजकूर सापडतो. व्याकरण बहुतेक बरोबर. या मुलाला घरी कुणीतरी ‘या पत्रात तू नगरपालिकेकडे नेमकं काय मागतोयस?’ असं अहिराणीत, लेवा बोलीत, उर्दूत, ज्या भाषेत जेवायला वाढतात त्या भाषेत विचारलेलं असतं, तर घोटाळा पहिल्याच दिवशी उघडा पडला असता. धडा वाचला की त्यात काय झालं ते घरच्या भाषेत सांगायला लावणं हे इंग्रजीपासून दूर जाणं नाही. मराठी माध्यमाच्या मुलांच्या दहावीच्या इंग्रजी पेपरातच शब्द, वाक्यं आणि म्हणी आपल्या माध्यमाच्या भाषेत आणायला सांगणारा प्रश्न असतो. मंडळालाही अर्थ हवाच आहे. सातपुड्यातल्या पावरा मुलांची गोष्ट आणखी अवघड. घरी पावरी, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी, आणि मग वेळापत्रकात जिला तिसरी भाषा म्हणतात ती इंग्रजी त्यांच्यासाठी चौथी. त्यांच्याकडून अर्थ मागितला नाही, तर ती फक्त आवाज पाठ करतात.

इथे एक अभ्यासू आक्षेप येतो. पालकांनी अभ्यासात लक्ष घातल्यानं फायदा होतो, हे तरी सिद्ध आहे का? याचं उत्तर गमतीशीर आहे. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी 2009 मध्ये अमेरिकेतल्या माध्यमिक वयाच्या मुलांवरची 50 संशोधनं एकत्र तपासली. त्यात गृहपाठाला मदत करणं आणि मुलाचं यश यांचं नातं किंचित उलटंच निघालं. सगळ्यात मजबूत नातं निघालं ते शिक्षणाबद्दल घरात होणाऱ्या बोलण्याशी : अपेक्षा काय आहेत, हे शिकून पुढे काय करायचं, हे कशाला लागतं. पोरगं कच्चं असतं म्हणूनच आईबाप मदतीला बसतात, मग मदत आणि कमी गुण एकत्र दिसणारच, असं कुणी म्हणेल. आणि ते निम्मं खरं आहे. पण पहिली-दुसरीच्या मुलांवरच्या 2015 च्या एका अभ्यासात हेही दिसलं की गणिताला घाबरणारे पालक वारंवार गृहपाठ घेत असतील, तर मूल वर्षभरात गणित कमी शिकतं आणि भीती मात्र उचलतं. माझ्या मते दोन्हींतून एकच अर्थ निघतो. पालक अर्धवट आठवणारी आपल्या काळातली रीत शिकवू लागले, वैतागले, ‘एवढंही येत नाही?’ म्हणाले, की मदतीचं नुकसान होतं. विचारण्यात हा धोका बराच कमी आहे, कारण जाणकाराची भूमिका मुलाकडे राहते. आठवीच्या मुलांना उतारा वाचताना प्रत्येक ओळीचा अर्थ स्वतःशी बोलायला लावलं, तर ती नुसतं दोनदा वाचणाऱ्यांपेक्षा अधिक शिकतात, असं मिशेलिन ची यांच्या 1994 च्या प्रयोगात दिसलं होतं. घरातला विचारणारा माणूस हेच मोठ्यानं करून घेतो.

दुसरा आक्षेप जास्त ओळखीचा : आमच्याकडे शिकलेलं आहे कोण? खान्देशात हिशेबाला तोटा नाही. पाच बाय पाच फुटांवर केळी लावली तर एकरात 1,742 खोडं बसतात, सहा बाय पाचवर 1,452, हे रावेरच्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. आणि एकराचे 43,560 चौरस फूट भागिले 25 हा तो हिशेब आहे, हे त्याच्या मुलाला माहीत नसतं. घडाच्या सरासरी वजनाला, म्हणजे ‘रास’ला, तिथले बागाईतदार रोज हात घालतात आणि मुलगा सांख्यिकीच्या प्रकरणात मध्य काढताना अडतो. जळगावच्या सराफ बाजारात 916 चा शिक्का पाहून दागिना घेतला जातो. तो आकडा 22 भागिले 24 मधून आलाय. त्याच दागिन्याच्या पावतीवरचा 3 टक्के जीएसटी दहावीच्या अर्थनियोजनाच्या प्रकरणात आहे. बचत गटातल्या बाया शेकडा दोननं महिन्याचं व्याज मनातल्या मनात काढतात. ‘असर’च्या त्याच पाहणीत वजाबाकी जमणाऱ्या मुलांपैकीसुद्धा कर्जाची एकूण परतफेड जेमतेम दहा टक्क्यांनाच काढता आली होती. आईला येतं ते लेकीला येत नाही, आणि दोघी एका घरात राहतात.

पण याचं फार कौतुक करण्यात अर्थ नाही. व्यवहारातलं गणित आपोआप पाटीवर उतरतं, हा भ्रम आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला अभ्यास याबाबत डोळे उघडणारा आहे. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत माल विकणारी चौदाशेहून जास्त मुलं त्यांनी तपासली. बटाटे-कांद्यांचे अडनिड्या वजनांचे व्यवहार ही मुलं क्षणात चोख करत होती; तेच गणित पुस्तकाच्या भाषेत कागदावर आलं की अडत होती. उलट शाळेतली मुलं कागदावरची सोपी गणितं सोडवत होती आणि बाजारातला व्यवहार आला की त्यांतल्या जवळपास कुणालाच तो जमत नव्हता. म्हणजे दोन गणितं शेजारी राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. त्यामुळे मुलाला वावरात नेलं, दुकानाच्या गल्ल्यावर बसवलं, की गणित पक्कं होईल, हा सल्ला मी देत नाही. ओळख करून द्यावी लागते, तीही वही समोर उघडी असताना. ‘तुझ्या या प्रकरणात आणि आपल्या गटाच्या व्याजात काही सारखं आहे का?’ हा प्रश्न बचत गटातली आई विचारू शकते. शिक्षक हा प्रश्न विचारू शकत नाही, कारण त्याच्यासमोर साठ मुलं आणि साठ घरं असतात. पुस्तकातला माणूस दर वेळी बँकेतच पैसे ठेवतो.

मग क्लासचं काय? क्लासवर मी उखडलेला नाही. शाळेत गणिताची जागा रिकामी असते, विज्ञानाचा शिक्षक बीजगणित ओढतो, सेमी इंग्रजीच्या हौसेपायी शिक्षक आणि मुलं दोघंही परक्या भाषेत पायथागोरस शिकतात. अशा वेळी क्लास हाच आधार असतो, आणि पदरमोड करून फी भरणाऱ्या पालकाला कुणी बोल लावू नये. माझं म्हणणं इतकंच की क्लासनं सांगण्याचे तास वाढतात. सकाळी सहाला क्लासमध्ये कुणीतरी सांगतं, अकराला शाळेत कुणीतरी सांगतं, संध्याकाळी मोबाइलवरच्या व्हिडिओत आणखी कुणी. मूल दिवसभर ऐकतं. त्यानं स्वतः सांगायची पाळी येते ती एकदम बोर्डाच्या परीक्षेत. सगळं समजलं असं त्याला प्रामाणिकपणे वाटत असतं, कारण दुसऱ्यानं सोडवलेलं गणित पाहताना ते नेहमीच समजतं. शेवटी गुण हवेत, आणि गुण अपेक्षित प्रश्न घोकूनही मिळतात, हा युक्तिवादही मला ठाऊक आहे. 35 पर्यंत तो खरासुद्धा आहे. त्यापुढे पॉलिटेक्निक आहे, बारावीचं विज्ञान आहे, पोलीस भरतीची अंकगणिताची चाचणी आहे, आणि तिथे गाइडमधला प्रश्न जसाच्या तसा येत नाही.

सगळ्यात खरी अडचण मात्र वेगळीच आहे. पंधरा वर्षांचा मुलगा कमी शिकलेल्या बापाला ‘तुम्हाला काय कळतं?’ असं म्हणतो. म्हणतोच. इथे कुणीतरी बहिणाबाई चौधरींचं नाव घेणार : अक्षरओळख नसलेली आई, आणि मुलगा सोपानदेव कवी. पण बहिणाबाई रोज जन्मत नाहीत आणि त्यांच्या नावावर आपण आईबापांना फुकटचा धीर देऊ नये. कमी शिकलेला पालक वहीजवळ बसला की त्याची प्रतिष्ठा पणाला लागते, हे शिक्षक आणि अधिकारी मंडळी विसरतात. मला दिसलेला मार्ग साधा आहे. माहीत असल्याचं सोंग करायचं नाही, परीक्षाही घ्यायची नाही. अहिराणीत ‘माले सांग’ म्हणायचं, ‘हाई कसं उनं?’, म्हणजे हे कसं आलं, असं विचारायचं, आणि उत्तर कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं. ज्याला खरोखर कळत नाही त्याला समजावताना मुलाला पायऱ्या गाळता येत नाहीत. शिकलेला बाप अर्धं वाक्य ऐकूनच मान डोलावतो, आणि मुलाची गाळलेली पायरी तशीच राहते. हे सुरू करण्याचं वय दहावी नव्हे. सहावी-सातवीत, मूल अजून मोठेपणा करत नसताना, सवय लागली तर नववीत ती टिकते. दहावीच्या जानेवारीत एकदम वही मागणाऱ्या बापावर पोरगं संशयच घेईल.

वेळेचं म्हणाल तर रोज तासभर बसा असं मी सांगत नाही. एक गणित, इंग्रजीचा एक परिच्छेद, पंधरा मिनिटं. पण ती पंधरा मिनिटं मुलीला मिळत नाहीत, हे इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत आई थकून येते आणि संध्याकाळच्या भाकरी नववीतल्या मुलीवर येतात. भावाची वही तेवढ्यात पाहिली जाते. तिच्या हातातलं पीठ संध्याकाळी अर्धा तास दुसऱ्या कुणाच्या हातात देणं, भावाच्या का होईना, ही तिच्या गणितातली पहिली मदत. आणि चाळीसगाव, साक्रीकडून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीनंतर निघतात ती परीक्षेच्या सुमारास परततात. मूल आजीकडे किंवा आश्रमशाळेत. त्यांना ‘वहीजवळ बसा’ असं सांगणं क्रूर आहे. फोनवर ‘अभ्यास कर बरं’ या वाक्याऐवजी ‘आज काय शिकलास ते सांग’ म्हणणं तेवढं त्यांच्या हातात उरतं. ते थोडं आहे, आणि थोडंच आहे.

हे सगळं पालकांवर ढकलून शाळा नामानिराळ्या होतात, हा शेवटचा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. भरती न झालेल्या शिक्षकाची जागा कुठलीही आई भरून काढत नाही. बिहार आणि राजस्थानात मातांना साक्षरतेचे वर्ग आणि मुलांसोबत करायच्या कृती देऊन झालेल्या मोठ्या प्रयोगातही लहान मुलांच्या गणितात फरक पडला तो बेताचाच. पण तो प्रयोग वाचताना मला जाणवलं ते असं की तिथे आठवड्याला कुणीतरी आईच्या दारात जाऊन ‘या आठवड्यात मुलासोबत हे करा’ असं सांगत होतं. आपल्या पालक सभेत आपण काय सांगतो? कामाच्या दिवशी अकरा वाजता बोलावतो, रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला घटक चाचणीचे गुण वाचून दाखवतो, आणि ‘लक्ष द्या’ म्हणून परत पाठवतो. लक्ष म्हणजे काय, कशाकडे, किती वेळ, यातलं काहीही त्याला कळलेलं नसतं. त्याऐवजी दर शनिवारी मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर शिक्षकानं मराठीत एकच प्रश्न लिहून द्यावा : ‘याला विचारा, कंस सोडवताना तिनानं कोणाकोणाला गुणायचं?’ किंवा ‘याला विचारा, धड्यातल्या म्हाताऱ्यानं पत्र का फाडलं?’ पालकाला वाचता येत नसेल तर मुलानंच तो वाचून दाखवावा. सोमवारी उत्तर शिक्षकानं तपासू नये. घरी कुणी विचारलं, एवढंच विचारावं. याला खर्च येत नाही आणि शासन निर्णयाची वाटही पाहावी लागत नाही. सभा मात्र संध्याकाळी सातनंतर ठेवावी लागेल, वेचणीच्या दिवसांत तर आठनंतर.